जास्त की फास्ट?

गोष्ट २०२४ च्या पावसाळ्यातली. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या, संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात काउंटरपाशी मी माझ्या नंबरची वाट बघत उभी होते. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत येताना चिंब झालेली छत्री पायाशी टेकवलेली, तिचा ओघळ पायरीवरून फुटपाथकडे चाललेला. माझ्यापुढे एक मुलगा आणि त्याची आई. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा असावा. काचेवर दोन वस्तू मांडल्या होत्या. एका खोक्यात आठ-आठ जीबीच्या दोन रॅम (म्हणजे चालू काम हाताशी ठेवायची संगणकाची मेमरी), ३६०० वेगाच्या, वर काळं ॲल्युमिनियमचं कवच आणि कडेला रंगीत दिव्यांची पट्टी. शेजारी सोळा-सोळाच्या दोन, ३२०० च्या, साध्या हिरव्या पट्ट्या, प्लास्टिकच्या पातळ पाकिटात. किमतीत फरक थोडाच. मुलाची नजर दिव्यांवरून हलत नव्हती. आईने पर्सचा आतला कप्पा उघडून नोटा पुन्हा एकदा मोजल्या आणि दुकानदाराला विचारलं, "भाऊ, जास्त असलेलं चांगलं की फास्ट असलेलं?" दुकानदार म्हणाला, "दोन्ही चांगलंच आहे, ताई," आणि वाजणारा फोन उचलला.

मी काही बोलायच्या आत मायलेक बाजूला सरकून जिन्यापाशी कुजबुजायला लागले, आणि माझा नंबर आला.

दुकानदाराचं उत्तर खोटं नव्हतं. दोन्ही वस्तू चांगल्याच होत्या. पण त्या बाईंनी विचारलं होतं ते वेगळंच होतं. पैसे एकदाच खर्च होणार आहेत, परत लवकर होणार नाहीत, तर ते कशावर घालू, हा त्यांचा प्रश्न. इतका सरळ प्रश्न आपल्याकडे संगणकाच्या बाजारात कुणी विचारत नाही आणि विचारला तर त्याला सरळ उत्तर मिळत नाही. मला तो सोडेना. एक तर मी त्याच कामासाठी तिथे आले होते. आणि दुसरं म्हणजे, आमच्या घरात हा प्रश्न संगणक यायच्या आधीपासून होता.

बाबा गिरगावातल्या एका लहान छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ज्यांना खिळे म्हणतात, ती जुळवून ओळी करणारे. लॅमिंग्टन रोडपासून तो छापखाना चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांचा डबा घेऊन जायची. दारातच शाई आणि रॉकेलचा वास यायचा. बाबा तिरक्या ठेवलेल्या केससमोर, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीसमोर, उभे असायचे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात केसच्या खणांवरून फिरत असायचा. ते खणांकडे बघतही नसत. नजर हस्तलिखितावर, बोटं आपोआप काना, त, र, अनुस्वार उचलत. आपल्या लिपीत जोडाक्षरं आणि मात्रा धरून शेकडो प्रकारचे खिळे लागतात, त्यामुळे केस इंग्रजीपेक्षा कितीतरी पसरलेली, आणि बाबांचा हात त्या सगळ्या पसाऱ्यात न अडखळता जायचा. छापखान्यात त्यांच्याइतका वेगवान हात दुसरा नव्हता, हे मालकही कबूल करत.

तरी बाबांना घरी यायला रात्र व्हायची. कारण खिळे कमी होते. आठ पानांचा एक फॉर्म जुळवला की केसमधले काने संपत आलेले असत. मग तो फॉर्म मशीनवर चढायचा, छापून व्हायचा, रॉकेलने धुतला जायचा, आणि मग त्यातला एकेक खिळा सुटा करून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकावा लागायचा. तोवर पुढची आठ पानं सुरूच करता येत नसत. घाई असली तर न मिळणाऱ्या अक्षराच्या जागी दुसराच कुठला तरी खिळा उलटा बसवायचे आणि पुढे जायचे. प्रूफमध्ये तिथे अक्षराऐवजी खिळ्याच्या बुडाचे दोन काळे ठसे उमटत. मी ती प्रूफं पाहिली आहेत. चांगल्या सरळ ओळीत मधेच काळे ठसे, आणि बाबांच्या पेन्सिलीने शेजारी लिहिलेलं अक्षर. पुढे मालकांनी फाउंड्रीतून आणखी खिळे आणले. बाबांचा हात होता तेवढ्याच वेगाचा राहिला, पण एक फॉर्म मशीनवर असताना दुसरा जुळवता यायला लागला आणि बाबा दिवेलागणीला घरी दिसायला लागले.

रॅम कमी पडते तेव्हा संगणकात जे होतं ते हुबेहूब हेच. काम चालू असलेली सगळी पानं (मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांना पानंच म्हणतात) रॅममध्ये मावत नाहीत, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम काही पानं डिस्कवर नेऊन ठेवते आणि त्यांची गरज लागली की परत आणते. ती आणण्यासाठी आधी दुसरी कुठली तरी हलवावी लागतात. ही युक्ती जुनी आहे. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ साली टॉम किलबर्न यांच्या गटाने ती पहिल्यांदा नीट अमलात आणली. त्या यंत्राची मुख्य मेमरी होती १६,३८४ शब्दांची (शब्द म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा बिटांचा गठ्ठा), आणि फिरत्या ड्रमवर ९८,३०४ शब्द. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र वाटावं की सगळं एकाच मोठ्या मेमरीत आहे. पण जागा फारच कमी असली की यंत्राचा बहुतेक वेळ या ने-आणीतच जातो आणि खरं काम जवळजवळ थांबतं. १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी याची मीमांसा केली. प्रत्येक कामाला त्या त्या वेळी काही ठरावीक पानं हाताशी लागतातच. तेवढी मावली तर गाडी सुरळीत चालते, त्याहून थोडी जरी कमी मावली तर हळूहळू नाही, एकदम कोसळते. बाबांनी डेनिंग वाचले नव्हते. पण 'या पुस्तकाला किती काने लागतील' हे हस्तलिखित चाळून ते आधीच सांगत.

मी बाबांचंच काम दुसऱ्या हत्यारांनी करते. दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, आणि गेली काही वर्षं जुन्या मासिकांचं पुनर्मुद्रण. पन्नाससाठच्या दशकातली पिवळी पानं स्कॅन करायची, डाग काढायचे, फाटक्या कडा भरायच्या, अक्षरं ठळक करायची. ए-फोर आकाराचं एक पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं की उघडल्यावर रॅममध्ये शंभर एमबी जागा घेतं. त्यावर चार लेअर चढले की तेच पान चार-पाचशे एमबी. अशी दहा पानं उघडी, बाजूला पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये अख्खा अंक, ब्राउझरमध्ये संपादकांचा मेल, व्हॉट्सॲप वेबवर लेखकाने ऐनवेळी पाठवलेल्या दुरुस्त्या. माझ्या मशीनमध्ये आठ जीबीची एकच पट्टी होती. दसऱ्यानंतरच्या दिवसांत ते मशीन मला घाम फोडायचं. ब्रश फिरवला की रेघ हातामागून यायची. डाग काढायला गेले की तो निघाला की नाही हे कळायलाच थांबावं लागायचं, आणि त्या थांबण्यात मनातली पुढची रेघ विरून जायची.

पूर्वी हा त्रास ऐकू यायचा. फिरणारी हार्ड डिस्क होती तेव्हा रॅम भरली की टेबलाखालून खरखर सुरू व्हायची, दिवा लुकलुकत राहायचा, आणि शेजारच्या खोलीतूनही कळायचं की यंत्राला जागा पुरत नाहीये. रॅममधलं पान मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागत असतील तर त्या डिस्कवरून आणायला दहा मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. फिरता भाग नसलेली एसएसडी डिस्क आली आणि हे अंतर हजारपटीपर्यंत उतरलं. आवाज गेला, दिवा गेला. उरली ती अर्ध्या-पाऊण सेकंदाची मुकी अडखळ. ती जाणवते, पण कशामुळे ते कळत नाही, आणि माणूस म्हणतो, "मशीन स्लो झालंय." मग तो दुकानात जाऊन फास्ट काय आहे ते विचारतो. मला वाटतं, आज इतक्या लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. जागेची टंचाई आणि वेगाची टंचाई बोटांना एकसारखीच जाणवते.

शिवाय वेग खोक्यावर छापता येतो. ३२००, ३६००, ६०००. आकडा मोठा, शेजारच्या खोक्यावर त्याहून मोठा. हा आकडा म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहिती पाठवली जाते ते. दर वेळी आठ बाइट, म्हणून ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देऊ शकते आणि २६६६ ची २१.३. हे खरंच आहे. पण मागितल्यापासून पहिला बाइट हातात पडेपर्यंतचा वेळ निराळा, आणि त्यातला पट्टीचा स्वतःचा एक मुख्य टप्पा खोक्यावर 'सीएल' अशा दोन अक्षरांपुढे बारीक अक्षरात असतो: मेमरीच्या घड्याळाचे किती ठोके थांबायचं तो आकडा. हिशोब करून बघावा. २००० च्या दशकातली डीडीआर-४०० ची (डीडीआर ही रॅमची जात, ४०० हा वेग) सीएल ३ ची पट्टी: पंधरा नॅनोसेकंद. आजची साधी, चौथ्या पिढीची डीडीआर-४ ३२००, सीएल २२: पावणेचौदा नॅनोसेकंद. महागडी सीएल १६ ची घेतली तर दहा. डीडीआर-५ ची ६००० वाली, सीएल ३० ची, तीही दहाच. नावातला आकडा पंधरापट वाढला आणि पहिल्या बाइटची वाट पाहणं जेमतेम तिसऱ्या हिश्शाने कमी झालं.

याचं कारण त्या पट्टीच्या पोटात आहे. १९६६ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलेली रचना आजही तीच आहे: एक ट्रान्झिस्टर, एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यात साठवलेला चिमूटभर विद्युतभार. तो भार गळतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कपॅसिटर पुन्हा भरावा लागतो. वाचायचा म्हटलं तर इतका क्षीण भार ओळखून तो मोठा करायला ठरावीक वेळ जातोच. एकदा ओळ उघडली की पुढचे बाइट धडाधड बाहेर काढता येतात, आणि उद्योगाने सगळी मेहनत तिथेच घेतली. हे समजल्यावर मला खोक्यावरच्या आकड्याबद्दल राग वाटला नाही. इतक्या नाजूक गोष्टीकडून इतकं काम करून घेणाऱ्यांबद्दल आदरच वाटला. आपल्या मुंबईतल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची मेमरी होती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, फेराइटच्या बारीक कड्या तारांमध्ये ओवून केलेली. म्हणजे दहा केबी. माझ्या स्कॅन केलेल्या पानाच्या एका कोपऱ्यातला डागही त्यात मावणार नाही, आणि त्यावर शास्त्रज्ञांनी आपली गणितं सोडवली.

पण वेगाचा पक्ष मी खोटा ठरवत नाहीये.

माझा भाचा नाशिकला असतो. त्याच्याकडे रायझन ५६००जी प्रोसेसर आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अशा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते मुख्य रॅमचाच वाटा घेतं, आणि पडद्यावरचं प्रत्येक चित्र त्याच वाटेने ये-जा करतं. त्याने सुरुवातीला सोळा जीबीची एकच पट्टी घातली होती. खेळताना चित्र तुटायचं. जागा अर्धीअधिक रिकामी, तरी तुटायचं. त्याने ती पट्टी विकून आठ-आठच्या दोन घेतल्या, ३६०० च्या. एकूण जीबी तेवढेच राहिले, पण दोन पट्ट्या म्हणजे दोन वाटा, त्यामुळे रुंदी दुप्पट. शिवाय रायझनच्या आतली जोडणी मेमरीच्या घड्याळाशी ताल धरून चालते, तेव्हा ३६०० चा त्याला प्रोसेसरच्या कामातही फायदा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वेगाचं प्रोफाइल चालू करायला तो विसरला नाही. पुष्कळ जण विसरतात, आणि ३६०० ची पट्टी वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर निमूट चालत राहते. त्याचं मशीन त्या दिवशी खरंच बदललं. त्याला कुणी "जास्त घे" असा सल्ला दिला असता तर त्याचे पैसे वाया गेले असते.

म्हणजे जवळपास तेवढ्याच पैशांत भाच्याचं बरोबर उत्तर माझ्यासाठी चूक. आणि दोघांची उत्तरं काउंटरवरच्या खोक्यांकडे बघून कधीच मिळाली नसती. ती मशीन सगळ्यात वैतागलेलं असतं तेव्हा मिळतात. मी दसऱ्यानंतरच्या एका रात्री, सगळं उघडं ठेवून, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडली. 'कमिटेड' म्हणून एक आकडा असतो. मशीनकडे एकूण किती जागा मागितली गेली आहे ते तो सांगतो. आठ जीबीच्या मशीनवर तो पंधराच्या पुढे होता. खाली दोनपैकी एकच स्लॉट वापरात असल्याचंही लिहिलेलं. त्या खिडकीकडे बघताना मला केसमधल्या रिकाम्या कान्याच्या खणाची आठवण झाली आणि पोटात कालवलं. बाबांना एवढं स्पष्ट दाखवणारं काही नव्हतं. त्यांना खणात बोट घालूनच कळायचं.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती दुकानात कुणीच सांगत नाही. माझा प्रोसेसर आय-फाइव्ह १०४००, मदरबोर्ड एच-४१० चा. इंटेलने त्या प्रोसेसरला २६६६ ची मर्यादा घातलेली आहे आणि त्या बोर्डावर ती ओलांडता येत नाही. दिवेवाली ३६०० ची पट्टी मी बसवली असती तर ती २६६६ वरच चालली असती. दिवे मात्र लागले असते. त्या मुलाचा बोर्ड कुठला होता कोण जाणे. दुकानदाराने त्या आईला आधी एवढंच विचारायला हवं होतं: बोर्ड कुठला, ग्राफिक्स कार्ड आहे का, आणि आत्ताच्या मशीनमधली रॅम भरते का. तीन प्रश्न, दोन मिनिटं. गर्दी असते, धंदा असतो, मान्य. पण नोटा दोनदा मोजून देणाऱ्या माणसाला तेवढी दोन मिनिटं मिळायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

मी सोळा-सोळाच्या दोन साध्या हिरव्या पट्ट्या घेतल्या. घरी येऊन कॅबिनेटचं झाकण काढलं, हाताने लोखंडाला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवली, स्लॉटची पांढरी खिट्टी मागे ओढली आणि पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायची असते; बोर्ड किंचित वाकतो आणि दर वेळी भीती वाटते. त्या वर्षीचा अंक करताना मशीन वेगवान झालं असं मला वाटलं नाही. ते मधे येईनासं झालं. रेघ हाताबरोबर चालायला लागली. रात्री साडेदहाला मी मशीन बंद करून जेवायला बसले, आणि अंक अजून प्रेसला जायचा होता.

त्यानंतर बाजार उलटापालटा झाला. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती अशा भडकल्या की मी घेतलेल्याच पट्ट्यांचा भाव विचारून लोक गप्प होऊन परत फिरू लागले. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी त्याच कारखान्यांत बनते आणि त्यात नफा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. आता चुकीची वस्तू घेऊन बसणं आणखी महाग पडतं.

आणि दुसरीकडे हा प्रश्नच आपल्या हातातून काढून घेतला जातो आहे, याची मला जास्त काळजी वाटते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आता बोर्डालाच झाळलेली असते. त्यामागे निव्वळ ग्राहकाला अडवण्याचा डाव आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल; प्रोसेसरला चिकटून, आखूड तारांनी जोडलेली मेमरी खरोखर कमी विजेत जास्त वेगाने चालते. पण त्या वेगाची किंमत म्हणजे जागा कायमची ठरून जाते. खरेदीच्या दिवशी सोळा तर शेवटपर्यंत सोळा. मॅकमध्ये तर २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत आठवर सुरुवात होत होती. कॅम नावाच्या नव्या, स्क्रूने बसवायच्या मेमरीचं मानक डिसेंबर २०२३ मध्ये आलं, २०२४ मध्ये थिंकपॅड पी-वनच्या सातव्या पिढीत तिचा एक प्रकार बसलाही. वेगही जवळपास तोच आणि नंतर बदलताही येते. ते खाली सामान्य किमतीच्या लॅपटॉपपर्यंत उतरावं असं मला फार वाटतं.

लेक आर्किटेक्चरला आहे. तिला यंदा नवा लॅपटॉप घ्यायचाय. तिला वजन हलकं हवं, बॅटरी दिवसभर हवी. माझं म्हणणं, झाळलेली असेल तर बत्तीस जीबी घे, बाकी कशात तरी तडजोड कर. ती म्हणते, "आई, तुझं काम वेगळं, माझं वेगळं." बरोबर आहे तिचं. म्हणून वाद तात्पुरता थांबवून मी तिला एकच सांगितलंय. सबमिशनच्या आदल्या रात्री, इमारतींचे आराखडे करायचं रेव्हिट, फोटोशॉप आणि तिचे ते असंख्य टॅब सगळे उघडे असताना, आत्ताच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडायचा आणि कमिटेडचा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. दुकानात तो कागद घेऊन जाऊ.